दिवस आपला, रात्र त्यांची

मे संपत आला की आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुप्सवर एकामागून एक पोस्टर यायला लागतात आणि गेल्या काही वर्षांत त्यातलं एक पोस्टर जवळपास ठरलेलं आहे, काजवे आणि कळसूबाई नाइट ट्रेक, दोन्ही एकाच रात्रीत. शनिवारी दुपारी पुण्यातून किंवा ठाण्यातून बस, संध्याकाळी भंडारदऱ्याच्या आसपास काजवे, मग कुठल्यातरी अंगणात पिठलं-भाकरी, मध्यरात्रीनंतर बारी गावातून चढायला सुरुवात, आणि सूर्योदयाला महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकावर, १६४६ मीटरवर, फोटो. रविवारी रात्री सगळे घरी, सोमवारी ऑफिस.

मी या पोस्टरवर चिडून लिहीत नाहीये हे आधीच सांगतो. रात्रीचं चढणं काय असतं ते मला माहीत आहे, अंगाला लागणारा गार वारा, खाली लांबवर दिसणारे गावांचे दिवे, बोलणं आपोआप कमी होत जाणं, आणि पूर्वेला पहिली फट पडते तेव्हा पोटात जे काही होतं ते. ज्याला हे आवडतं त्याला जंगलाबद्दल काही वाटत नाही असं मी कधीच म्हणणार नाही, उलट यातल्या बऱ्याच जणांना सह्याद्रीबद्दल जीव तोडून वाटतं. पण बरीच वर्षं या डोंगरांत फिरून, थोडंफार वाचून, आणि तिथल्या माणसांशी बोलून मी एका मतावर आलोय. सह्याद्रीत आपण दिवसा हवं तेवढं फिरावं, पण अभयारण्यातली रात्र आपण सोडून द्यावी. पूर्ण सोडावी. का ते सांगतो.

कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, घाटघर, सांदण दरी, हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली जाहीर झालेलं, साधारण ३६२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. ताडोबासारखं इथे जिप्सीत बसून गेटमधून आत शिरायचं नसतं. नाके आहेत, पावती फाडतात, पण जंगल, भातखाचरं, गावं, देवळं, धरण आणि गड असं सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे. त्यामुळे तिथे जाणाऱ्या बऱ्याच लोकांना आपण अभयारण्यात आहोत याचा पत्ताच नसतो, आणि यात त्यांचा फार दोष आहे असंही नाही. वाघ दिसत नाही, हत्ती नाहीत, दिवसभर चाललं तर वानरं दिसतील, नशीब असेल तर शेकरू दिसेल, पक्षी दिसतील, आणि माणसं दिसतील. मग वाटतं की इथे आहे काय जपायला?

आहे ते रात्रीचं आहे. बिबट्या आहे, तरस आहे, साळिंदर, उदमांजर, रानडुक्कर, खवल्या मांजर, रातवे, घुबडं, वटवाघळं. पहाटे पहिला माणूस म्हणून वाटेने गेलात तर रात्रीची सगळी हजेरी वाटेवर वाचायला मिळते, ओल्या मातीत पाऊल, खिंडीच्या तोंडाशी केस आणि हाडाचे तुकडे असलेली विष्ठा, साळिंदराचा एखादा काटा. बिबट्या झाडोऱ्यातून धडपडत जात नाही, त्यालाही मळलेली वाट सोयीची वाटते, पाऊल वाजत नाही, समोरचं दिसतं, हद्दीच्या खुणा ठेवायला बरी पडते. म्हणजे आपण ज्या वाटेला ट्रेक रूट म्हणतो ती दिवसा गावकऱ्यांची आणि रात्री त्याची वाट आहे. आता त्याच वाटेवर रात्री दोन वाजता शंभर-दीडशे हेडटॉर्च एका रांगेत चढताहेत, कोणाच्या तरी बॅगेला अडकवलेल्या स्पीकरवर गाणी चालू आहेत, तर त्याने जायचं कुठे?

याचं एक उत्तर २०१८ साली सायन्स या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात आहे आणि ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. केटलिन गेनॉर आणि तिच्या सहकाऱ्यांनी सहा खंडांतले ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांवरचे ७६ अभ्यास एकत्र केले आणि एकच गोष्ट मोजली, माणूस जवळ आला की प्राणी आपला दिनक्रम कसा बदलतात. तर ते रात्रीकडे सरकतात. जो प्राणी एरवी अर्धा दिवसा आणि अर्धा रात्री हिंडतो तो माणसाच्या शेजारी त्याच्या हालचालीतला ६८ टक्के भाग रात्री उरकतो. आणि मी सगळ्यात जास्त हललो ते या गोष्टीने की माणूस तिथे शिकारीला आलाय, शेतीला आलाय की नुसता डोंगर चढायला आलाय याने फार फरक पडत नाही. आपल्याला वाटतं आपण निरुपद्रवी, पाठीवर बॅग, हातात काठी, कोणाला काही करत नाही. भेकराला ते कळायचा काही मार्ग नाही. त्याला फक्त माणूस येतोय एवढंच कळतं.

म्हणजे दिवस तर त्यांनी आपल्याला देऊन टाकलाच आहे. मुकाट्याने बाजूला होऊन ते रात्रीत गेलेत, आणि आता आपण रात्रीतही चाललोय, तेही बरोब्बर त्या महिन्यात जेव्हा वळवाचा पाऊस पडून जंगलात सगळ्यांची पिल्लांची, अंड्यांची, जोडीदार शोधण्याची घाई चालू असते. रात्रीनंतर त्यांना मागे सरकायला वेळ उरत नाही, चोवीस तासांत तिसरं काही नसतं. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे.

काजव्यांचं तर अजूनच नाजूक आहे. ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको, पण ज्यांनी नाही पाहिले त्यांच्यासाठी, मेच्या शेवटी पहिल्या सरी येऊन गेल्या की जून मध्यापर्यंत, म्हणजे मोठा पाऊस लागेपर्यंत, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा असल्या झाडांवर हजारोंनी काजवे जमतात आणि आख्खं झाड एका तालात उजळतं आणि विझतं. एक झाड उजळलं की ती लाट शेजारच्या झाडावर जाते, तिथून पुढच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ काही बोलू शकलो नव्हतो आणि अजूनही दर वेळी तसंच होतं. पण हे सगळं चाललंय कशासाठी? तो प्रकाश ही नराची हाक असते. मादी बऱ्याचदा खाली असते, गवतात, झुडपात, पाल्यावर, आणि वरचा इशारा ओळखून ती आपल्या मंद उजेडाने उत्तर देते. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळी म्हणून मातीत आणि पालापाचोळ्यात जातं, गोगलगायी आणि असलेच मऊ जीव खात, आणि पंख फुटल्यावर त्याच्याकडे फार तर दोन-तीन आठवडे असतात. आख्ख्या वर्षाचं काम त्या तेवढ्या रात्रींत व्हायचं असतं.

त्या रात्रींत गाड्यांची रांग लागते. हेडलाइट पडला की झाड विझतं, हे कोणीही स्वतःच्या डोळ्यांनी बघू शकतं, काही वेळ नर चमकायचे थांबतात. मोबाइलचा फ्लॅश, टॉर्च, नुसता स्क्रीनचा उजेड, या सगळ्यात खालून येणारं मादीचं ते एवढंसं उत्तर हरवून जातं. गाडी लावायला रस्त्याकडेचं गवत असतं, आणि मादी त्याच गवतात असते, तिथेच ओल्या मातीत अंडी घालणार असते. लोक मुद्दाम काही करत नाहीत हो, मुलांना खांद्यावर घेऊन काजवे दाखवणारे बाप मी तिथे पाहिलेत, त्या मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा असतो. पण झाडाखाली उभे राहून वर बघणारे शंभर लोक पायाखाली बघत नाहीत.

वनखात्याने काही नियम केलेत, रात्री अमुक वाजेपर्यंतच आत सोडायचं, झाडांजवळ जायचं नाही, प्रखर उजेड नको, आणि स्थानिक पोरं नाक्यावर उभी राहून ते पाळायला लावायचा मनापासून प्रयत्न करतात. पण शनिवारी संध्याकाळी भंडारदऱ्याजवळच्या शेंडीच्या रस्त्यावर जी गर्दी होते तिला चार-पाच पोरं आणि एक दोर किती पुरणार?

वाघाच्या बाबतीत आपण जागे आहोत हे मान्य करायला हवं. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या बछड्यांना सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी घेरलं, तो व्हिडिओ सगळीकडे फिरला, लोक भडकले, आणि मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॉर्बेटच्या प्रकरणात निकाल देताना वाघांच्या अधिवासातल्या रात्रीच्या पर्यटनावर बंदीच घालायला सांगितलं. ताडोबाचा गाभा पावसाळ्यात तीन महिने बंद असतो आणि त्याबद्दल आता कोणी कुरकुर करत नाही. हे सगळं चांगलं झालं. पण बारीच्या वाटेवर रात्री दोनला एखादं साळिंदर रस्ता ओलांडायचं सोडून परत फिरलं तर त्याचा व्हिडिओ कोण काढणार आणि कुठलं कोर्ट दखल घेणार? अकोले तालुक्याच्या या डोंगरात वाघ नाही म्हणून तिथली रात्र स्वस्त झालीये, असं मला वाटतं आणि त्याचं वाईट वाटतं.

टोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावर गेलेल्यांनी तिथलं वाघाचं दगडी शिल्प पाहिलं असेल. या भागात महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या गावागावांत वाघोबा आहे, आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गुराखी त्याच्यासमोर खीर करून नैवेद्य दाखवतात, आमच्या गुरांना सांभाळ म्हणून. वाघ गेला, बिबट्या राहिला, वाघोबा राहिला. मी एकदा हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, पाचनईला ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या मामांना विचारलं होतं की तुम्ही रात्री गडावर जाता का. ते म्हणाले, काम असल्याशिवाय कशाला जायचं, दिवेलागणीला गुरं आत घेतली की मग रान त्याचं. इतक्या साधेपणाने म्हणाले की पुढे काही विचारायचं राहिलंच नाही. म्हणजे मी इथे जे मांडतोय ते नवीन काही नाहीच, तिथल्या लोकांचा तो जुना रिवाज आहे आणि तो आपण शहरातून येऊन मोडलाय. हां, गावातले लोकही रात्री बाहेर पडतात, पहिल्या पावसात ओढ्याला खेकडे धरायला जातात, पाणी वाढलं की चढणीच्या माशांसाठी जातात, पण ते चार जण असतात, गावालगतच्या ओढ्यावर असतात, आणि तास-दोन तासांत घरी येतात. दर शनिवारी शिखरापर्यंत माणसांची साखळी लागणं ही वेगळी गोष्ट आहे.

आणि वेळ वाटून घेतली की जमतं, याचा पुरावा मुंबईतच आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, साधारण १०४ चौरस किलोमीटर, चहूबाजूंनी दाटीवाटीचं शहर, आणि आत बिबटे. २०१५ साली कॅमेरा ट्रॅप लावून जी मोजणी झाली तेव्हा ३५ बिबटे निघाले. त्याच उद्यानात रोज सकाळी हजारो लोक चालायला जातात, मीही बोरिवलीला मुक्काम असला की जातो. ज्या डांबरी रस्त्यावर सकाळी आजी-आजोबा हात हलवत चाललेले असतात त्याच रस्त्यावरून रात्री बिबट्या चालत गेलेला असतो. संध्याकाळी गेट बंद होतं आणि रस्ता त्याच्या ताब्यात जातो. तिथे भांडणं झालीच नाहीत असं नाही, मधली काही वर्षं फार वाईट गेली, माणसं गेली. पण २०११ पासून मुंबईकर्स फॉर एसजीएनपी या उपक्रमातून बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय, वनाधिकारी सुनील लिमये आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी जे समजावलं त्यात कचरा आवरा, अंधारात एकटंदुकटं जाऊ नका, पोरांना रात्री एकटं सोडू नका, असल्या साध्या गोष्टी होत्या. जगातल्या सगळ्यात दाट वस्तीच्या शहरांपैकी एकाला जे जमतंय ते ट्रेकर्सना का जमू नये?

आता सगळ्यात अवघड भाग. पैसा. रात्र बंद म्हटलं की पहिला फटका बसतो तो बारी, जहागीरदारवाडी, उडदावणे, मुरशेत, पांजरे, साम्रद, पाचनई इथल्या घरांना. मे-जूनचे ते आठवडे म्हणजे पेरणीच्या आधीचा हाताला पैसा लागण्याचा काळ, भाताचं बी, खत, पोरांच्या वह्या-पुस्तकं, दुरुस्तीला आलेलं छप्पर. टेन्ट, जेवण, चहा-पोहे, वाट दाखवणं, पार्किंग, यातून जे येतं ते त्यांच्या हक्काचं आहे, आणि शहरात बसून तो धंदा बंद करा म्हणणं मला तोंडातून काढवत नाही. निसर्ग वाचवायचा आणि त्याची किंमत भंडारदऱ्याच्या माणसाने भरायची, हे या भागात आधीही झालेलं आहे. धरण १९२६ साली झालं, पाणी खाली गेलं आणि उन्हाळ्यात वरच्या वाड्यांतल्या बाया अजून हंडे घेऊन फिरतात.

पण मी जेव्हा नीट बघतो तेव्हा नाइट ट्रेकमधून गावाला मिळतं काय, तर एक जेवण, एक चहा. माणूस गावात झोपतच नाही. तो येतो, जेवतो, चढतो, उतरतो, बसमध्ये बसून जातो. तोच माणूस संध्याकाळी गावात मुक्कामाला राहिला, अंथरूण-पांघरूण, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, आणि उजाडताना गावातल्याच पोराला बरोबर घेऊन चढायला लागला, तर गावात पैसे जास्त राहतात. याच तालुक्यातल्या पुरुषवाडीत गावात राहण्याची ही पद्धत बरीच वर्षं चाललेली आहे, लोक घरात उतरतात, घरचं जेवतात, आणि गावाचाच माणूस त्यांना काजवे दाखवायला पायी नेतो. काजवे बघायला जंगलात शिरावं लागतच नाही, गावाच्या कडेच्या हिरड्याखालीसुद्धा तेच दिसतं. गाड्या वेशीबाहेर, टॉर्चला लाल कागद, दहा-बारा जणांचा गट, ठरावीक अंतरावर थांबायचं, आणि साडेनऊपर्यंत सगळे घरात. एवढंच तर आहे.

संख्येचंही काहीतरी करावं लागेल आणि तेही आपल्याकडे झालेलं आहे. कास पठारावर फुलांपेक्षा माणसं जास्त व्हायला लागली, लोक सेल्फीसाठी फुलांत लोळायला लागले, तेव्हा ऑनलाइन बुकिंग आलं, दिवसाला ३००० ची मर्यादा आली, आणि तिकीट-पार्किंगचं काम आसपासच्या गावांच्या वन समित्यांकडे गेलं. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. आता सातारला जायचं तर आधी बुकिंग बघायचं हे अंगवळणी पडलंय. काजव्यांच्या आठवड्यांसाठी भंडारदऱ्याला असंच करता येईल, फक्त आकडा ठरवताना किती गाड्या मावतील एवढंच न बघता गवतावर किती पाय चालतील तेही बघावं, आणि तो निर्णय ग्रामसभांनी घ्यावा असं मला मनापासून वाटतं. अकोल्याचा हा आदिवासी पट्टा पेसा कायद्याखाली येतो, ग्रामसभेला तिथे वजन आहे. वनखात्याने वरून फलक लावला तर लोक तो वाचून पुढे जातील, गावाने सांगितलं की रात्री आम्ही कोणाला वर सोडत नाही, तर ते ऐकावंच लागेल.

ट्रेकर मित्रांचे आक्षेप मी ऐकलेत. उन्हाळ्यात दिवसा चढवत नाही, खरं आहे, कळसूबाईच्या त्या शिड्यांवर एप्रिलच्या दुपारी हात भाजतात. मग एप्रिल-मेत कळसूबाईला जाऊ नका, जून ते फेब्रुवारी मोकळा आहे. किंवा उजाडताना निघा, नऊपर्यंत वर पोहोचता येतं. मग शिखरावरचा सूर्योदय चुकतो, हो, चुकतो. वाटेतल्या सोंडेवरून दिसतो, आणि तो काही कमी नसतो. सुट्टी फक्त रविवारची असते, हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो, कारण हे पोस्टर बघून येणारी बरीच पोरं पहिल्या-दुसऱ्या नोकरीतली असतात, शनिवारी अर्धा दिवस काम असतं. त्यांनाही शनिवारी रात्री गावात पोहोचून चार-पाच तास झोपून पहाटे निघता येतं. बदलतो तो फक्त मधला भाग, जो तसाही झोपेत चालण्यात जातो.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरच्या टेन्टबद्दलही हेच. ते सोडणं मला स्वतःला जड जाणार आहे, कारण त्या कड्यावर बसून खाली कोकणात उतरलेलं धुकं बघणं याच्यासारखं महाराष्ट्रात दुसरं काही नाही. पण कड्यावरच्या जनरेटरचा, शेकोटीचा, गुहेत पेटवलेल्या चुलीच्या धुराचा, आणि त्या धुराने उठलेल्या वटवाघळांचा विचार केला की मी पाचनईत झोपेन आणि सकाळी चढेन. आणि जूनमध्ये पठारावरच्या डबक्यांत बेडकांचे नर रात्रभर ओरडत असतात, प्रत्येक जातीची हाक वेगळी, त्यावरूनच मादी येते. त्याच्यात स्पीकर नको.

दिवस आपला म्हटलं तरी सगळा दिवस आपला नाही, हेही लिहून ठेवतो. ज्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात तिथे हिवाळ्यापासून पिल्लं उडेपर्यंत रॅपलिंग आणि क्लाइंबिंग नकोच, आणि ड्रोन तर कधीच नको. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाने आपण त्यांची काय अवस्था केली ते आठवलं तर एवढं सोडायला जड जाऊ नये. पण तो वेगळा विषय आहे, त्यावर सविस्तर लिहीन.

या वर्षी मी ओळखीच्या ट्रेक आयोजकांना एकेक करून फोन करतोय. मागणी एकच आहे, अभयारण्याच्या हद्दीत नाइट ट्रेक हे पोस्टरवरून काढा, त्या जागी गावमुक्काम आणि पहाटेचा ट्रेक लिहा, पाहिजे तर तिकीट थोडं वाढवा आणि तो पैसा ज्या घरात लोक झोपतील त्या घराला द्या. काही जण लगेच हो म्हणाले. काही जण म्हणाले की आम्ही बंद केलं तर दुसरा करेल, बुकिंग त्याच्याकडे जाईल, आणि त्यांची ही भीती खरी आहे, म्हणून सगळ्यांनी मिळून एकाच हंगामात करायला हवं, आणि म्हणूनच आधी बारीच्या आणि शेंडीच्या लोकांशी बसून बोलायचं ठरवलंय. त्या बैठकीला ज्यांना यायचं असेल त्यांनी कळवा, एसटीने जाऊ.